बांगडीएवढं वर्तुळ

सर फळ्याकडे तोंड करून कधी उभे राहिले नाहीत. सातारच्या आमच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर भूमिती शिकवली, पण त्यांची पाठ कशी दिसते हे एकाही विद्यार्थ्याला सांगता आलं नसतं. तोंड वर्गाकडे, पाठ फळ्याकडे, आणि पाठ खाजवायला वळवावा तसा मागे वळवलेला उजवा हात वर्तुळ काढायचा. ती वर्तुळं बघवत नसत. एखादं वांग्यासारखं, एखादं फसलेल्या भाकरीसारखं. कुणी फिदीफिदी हसलं की सर म्हणायचे, "वर्तुळ चुकलं तर ते बिचारं गप्प बसतं. तुमचं तोंड गप्प बसत नाही. मग मी बघू कुणाकडे?"

आणि ते खरंच तोंडं वाचायचे. सिद्धान्त सांगता सांगता मध्येच थांबून म्हणायचे, "खिडकीशेजारचे साहेब, तुम्हाला समरूप कळलंय, एकरूप कळलेलं नाही. डावी भुवई अजून खाली आलेली नाही तुमची." त्या मुलाचा हात आपोआप भुवईकडे जायचा. मग तोच सिद्धान्त दुसऱ्या बाजूने सुरू व्हायचा, भुवई खाली येईपर्यंत.

अशा माणसाला आमच्या संस्थेनं कधीही न दिसणाऱ्या मुलींना शिकवायला लावलं. ही हकिगत मी घरी सांगायला लागलो की बायको कुकर लावायला उठते. मुलगी मोबाइलवरचा आपला क्लास क्षणभर बंद करून विचारते, "बाबा, तुमच्या काळात ऑनलाइन? तेव्हा लाइट तरी होते का?" होते. अधूनमधून. "आणि त्यात तुम्ही काय करत होता?" या प्रश्नाला "टाइप करत होतो" असं खरं उत्तर द्यावं लागतं, आणि तिथेच माझ्या गोष्टीचा निम्मा रुबाब उतरतो.

तेव्हा मी शाळेत संगणक शिक्षक होतो. म्हणजे संगणकाच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असे. पोवई नाक्याजवळच्या एका क्लासात मी जे काही शिकलो होतो, त्यातलं यंत्र नीट बंद कसं करायचं एवढं मला पक्कं येत होतं. खोलीत चपला काढून यायचं असा नियम मी केला होता. यंत्रावर बायकोनं शिवलेलं फुलाफुलांचं आच्छादन होतं. थोडक्यात, माझी खोली हे शाळेचं देवघर होतं. हाक मारली तर आतून उत्तर येईलच याची खात्री तिथेही नव्हती. सर मला नावानं कधी हाक मारत नसत. "किल्लीवाले" म्हणत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या संस्थेची सांगलीला मुलींची एक छोटी शाळा होती. दहावीच्या वर्गात मोजक्या मुली. काहींचे वडील कुपवाडच्या कारखान्यांत कामाला, काहींचे मार्केट यार्डात. जूनमध्ये तिथल्या गणिताच्या शिक्षकांना कॉलेजात नोकरी लागली आणि ते गेले. भरतीवर बंदी होती, त्यामुळे नवा माणूस मिळेना. सांगलीच्या मुख्याध्यापिका, त्यांना आम्ही सगळे नुसतं 'बाई' म्हणायचो, साताऱ्याला येऊन मीटिंगमध्ये भांडल्या. संस्थेचे अध्यक्ष सांगलीचेच, गुळाचे व्यापारी. त्यांनी टेबलावर हात आपटला.

"माझा गुळाचा भाव रोज सकाळी फोनच्या तारेतनं मुंबईला जातुय. भूमिती काय गुळापेक्षा जड हाय व्हय?"

भूमिती जड आहे असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही. ठरलं असं, की अध्यक्ष सांगलीच्या शाळेला एक संगणक देणार. साताऱ्याचा आणि सांगलीचा संगणक मोडेमनं फोनवर जोडायचा. आम्ही इकडे टाइप केलेलं तिकडे पडद्यावर उमटणार. पण अध्यक्षांनी अटही घातली. सहामाहीचा पेपर बाहेरचा माणूस तपासणार. त्यात मुली बुडाल्या तर बोर्डाचे फॉर्म भरायचे नाहीत. शाळेचा निकाल खराब करून घ्यायला ते तयार नव्हते. दहावीचा वर्ग बंद, मुलींनी घरी बसायचं.

बाईंनी मान हलवली, पण त्यांचा चेहरा सर वाचत होते. मीही वाचला. तेवढा मलाही वाचता आला.

आता शाळेतला धडा तारेत कसा घालायचा? त्यासाठी ज्येष्ठ शिक्षकांची एक समिती झाली. समितीनं सोपा मार्ग काढला: वर्गात बोलतो तेच टाइप करायचं. मी टाइप केलं. मराठी अक्षरं पाठवली की तिकडे कीटकनाशकाची पिचकारी मारल्यासारखी चिन्हं दिसायची, म्हणून आमचं मराठी इंग्रजी अक्षरांच्या गाडीत बसून सांगलीला जायचं. मोडेम किंचाळला, लाइन लागली, पहिला धडा गेला. "मुलींनो, आता फळ्यावरील आकृतीकडे नीट पाहा."

बराच वेळ तिकडून काही येईना. शेवटी ऑफिसातला फोन वाजला. बाई होत्या.

"अहो, आमच्या पोरी मघापासनं फळ्याकडं बघायला लागल्यात. फळा पोरींकडं बघतोय. आता पुढं काय करायचं, तेपण पाठवा की!"

समितीतल्या एकालाही हे वाक्य पुसावंसं वाटलं नव्हतं. मलाही नाही. वर्षानुवर्षं आम्ही ते वाक्य बोलत आलो होतो, त्यामुळे ते धड्याचाच भाग वाटत होतं. स्टाफरूममध्ये सर इतके हसले की चहा बशीत, बशीतून शर्टावर आला. हे समितीला लागलं. "मग तुम्हीच करा की!" असं म्हणून समितीनं हात झटकले.

सर हसायचे थांबले. "मी? मला समोर तोंड लागतं. तोंडाशिवाय शिकवणं म्हणजे विहिरीत ओरडणं."

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन त्यांनाच आला. मी शेजारी उभा होतो, आणि बाईंचा आवाज असा की शेजारी उभं राहणं पुरायचं. "सर, आमच्या पोरींची तोंडंच बघायची असतील तर पुढल्या वर्षी या सांगलीला. हळदीच्या वखारीत निवडायला बसलेल्या दाखवते तुम्हाला एकेकीला."

सरांनी फोन ठेवला. आणि सकाळी दहावी 'अ'च्या वर्गात शिरून त्यांनी मुलांना सांगितलं, "आजपासून मी आत येणार नाही." बाहेर आले, दार ओढून घेतलं, व्हरांड्यात दाराला टेकून लाकडी स्टूल टाकलं आणि त्यावर बसले.

त्यांची कल्पना अशी होती: संगणकातून मुलगी दिसत नाही, मग आपण न दिसता शिकवायला शिकायचं. आवाजही नाही. सर एका चिठ्ठीवर दोन वाक्यं लिहायचे आणि दाराच्या फटीतून आत सरकवायचे. आतून मुलं उत्तरं लिहून बाहेर सरकवायची. सुरुवातीला आतून जे बाहेर यायचं त्यात उत्तरं कमी आणि "सर, आत या ना" जास्त. एकदा तर कुणी चिठ्ठीत सुपारी गुंडाळून पाठवली.

आमचा शिपाई सैन्यातून निवृत्त झालेला हवालदार. पहिल्या दिवशी सर बाहेर बसलेले बघून तो टाचा जुळवून उभा राहिला.

"सर, पोरांनी भायेर काढलं व्हय?"

"मीच निघालो, हवालदार."

"आवं, असं कसं? आमच्यात साहेब स्वतःहून कोठडीत जात न्हाई. मी आत जाऊन दोघाचौघांस्नी सरळ करू का?"

"नको. त्यांना वाकडंच राहू द्या. वाकडं कुठे होतं तेच मला बघायचंय."

ही त्यांची खरी भूक होती. इतके दिवस भुवया सांगत होत्या ते आता चुका सांगणार होत्या. त्यासाठी चुका गोळा करायला हव्या होत्या, आणि त्या जमवण्याचं सरांना वेड लागलं. ज्याची चूक आजवर कुणी केली नसेल त्याला ते तास सुटल्यावर खिशातून एक कंदी पेढा काढून देत. "वा! ही नवी आहे! कुठून सुचली तुला?" पोरगं लाजायचं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याची चूक कौतुकाची झालेली असे.

व्हायचं तेच झालं. आठवड्याभरात वर्गातले हुशार मुलगे जाणूनबुजून चुकायला लागले. एकानं त्रिकोणाला चार कोन दिले. सरांनी चिठ्ठी परत सरकवली: "ही बनावट चूक आहे. खऱ्या चुकीला पोटातून कारण असतं. हिला फक्त पेढ्याचं कारण आहे." त्या मुलाला पेढा मिळाला नाही, पण मला वाटतं, त्या एका वाक्यानं तो मुलगा जन्माचा शहाणा झाला असेल. मी तर अजून त्या वाक्यावर जगतो. आमच्या घरात कुणाच्याही बनावट चुका मी ओळखतो. खऱ्या चुका बायको माझ्याच दाखवते.

चुका जमल्यावर सरांनी त्यांची वाटणी केली. प्रत्येक प्रश्नाची जी जी चुकीची उत्तरं येऊ शकतात, त्या प्रत्येकासाठी वेगळा पुढचा प्रश्न. बरोबर उत्तर आलं तर पुढे. 'अमुक' चूक आली तर या वाटेनं. 'तमुक' आली तर त्या वाटेनं, आणि सगळ्या वाटा फिरून पुन्हा त्याच ठिकाणी. पाठ्यपुस्तकातला दोन पानांचा सिद्धान्त आमच्याकडे एक गावच्या गाव झाला. मी वैतागून म्हणालो, "सर, पुस्तकात एकच रस्ता आहे."

"पुस्तक एसटीसारखं आहे, किल्लीवाले. ठरलेल्या थांब्यावरच थांबतं. पोरी उतरतात भलतीकडे."

वाक्यं कशी लिहायची हे त्यांनी माझ्यावर तपासलं. एका रविवारी त्यांनी मला बसस्टँडपासून त्यांच्या घरापर्यंतची वाट नुसत्या शब्दांत लिहून दिली. नकाशा नाही, विचारायचं नाही. मी अक्षरशः तसाच चालत गेलो आणि एका अनोळखी घराच्या ओट्यावर पोचलो. आत एक आजीबाई होत्या. मी "सर आहेत का?" विचारलं. त्या म्हणाल्या, "येतील, बस." मी बसलो. चहा झाला. पोहे झाले. त्यांच्याकडचे सर म्हणजे त्यांचा जावई, ड्रॉइंग शिकवायचा, तो आला तेव्हा उलगडा झाला. शनिवार पेठेत सरांच्या घरी मी उशिरा पोचलो तेव्हा सर दारात उभे होते, आनंदानं. "कुठल्या वाक्यावर चुकलास? नेमकं कुठल्या?" मी पोह्यांसकट सगळं सांगितलं. त्यांनी 'देवळाशी वळा' या वाक्यावर काट मारली. साताऱ्यात देवळाशी वळा म्हटलं तर माणूस दिवसभर वळत राहील.

मग आला आकृतीचा प्रश्न. तारेतून अक्षरं जात होती, आकृती जात नव्हती. भूमितीतून आकृती काढली तर उरतं काय? मी म्हणालो, पोस्टानं पाठवू. सर म्हणाले, "आकृती पाठवायचीच नाही. काढून घ्यायची." आणि त्यांनी जो पहिला खरा धडा लिहून घेतला, त्याचं पहिलं वाक्य होतं: "हातातली एक बांगडी काढा."

बांगडी कागदावर ठेवा. कडेनं पेन्सिल फिरवा. झालं वर्तुळ. ते कापून घ्या. बरोबर अर्ध्यावर घडी घाला, उलगडा. दुसरीकडून पुन्हा अर्ध्यावर घडी. दोन घड्या जिथे भेटल्या तो मध्यबिंदू. एक घडी म्हणजे व्यास. आता कडेवर कुठेही एक टिंब द्या, मनाला येईल तिथे, आणि ते व्यासाच्या दोन्ही टोकांना जोडा. तिथे जो कोन झाला त्यात पोस्टकार्डाचा कोपरा बसवून बघा. बसला? जिचा बसला नाही तिनं सांगा.

पडद्यावर एकेक नाव उमटायला लागलं. बसला. बसला. बसला सर. मग, "सर, माझं टिंब व्यासाच्या टोकापाशी आणि हिचं कडेच्या मधोमध, तरी दोघींचा बसला. असं कसं काय?"

सरांनी टेबलावर थाप मारली. बाजूला ठेवलेलं फुलाफुलांचं आच्छादन घसरून खाली पडलं. "हे! हे तिला विचारायला लावण्यासाठी पुस्तकानं आजवर काय केलं?"

तिकडे व्यवस्था अशी होती: एक मुलगी पडद्यावरचं मोठ्यानं वाचायची, बाकीच्या करून बघायच्या, आणि उत्तर द्यायला एकेकजण पाळीनं उठून स्वतःच्या नावानं टाइप करायची. त्यामुळे सरांना चूक नावासकट मिळायची. आणि सरांनी प्रत्येक पायरीमागे एक सवय लावली. विधान करायचं, कारण द्यायचं आणि पुढे लिहायचं: नाहीतर? ओए बरोबर ओबी, कारण दोन्ही त्रिज्या. नाहीतर? नाहीतर वर्तुळ बसकं होईल. हे 'नाहीतर' मुलींना एवढं आवडलं, की बाई म्हणाल्या, डबा उघडतानाही पोरी नाहीतर-नाहीतर करतात.

त्यात शमा होती. तिचे वडील कुपवाडला फाउंड्रीत. ही मुलगी स्पर्शिका कायम वर्तुळाच्या आत घुसवायची. सांगून झालं, सगळ्या वाटांनी फिरवून झालं, तरी रेषा थोडी आत. सरांनी विचारलं, का? उत्तर आलं: "सर शिवायचं म्हटल्यावर थोडं आत जाणारच की."

सर खूश. ही चूक साताऱ्यात कुणी केली नव्हती. त्यांनी लिहायला सांगितलं, "रिक्षाचं चाक रस्त्याला टेकतं. ते रस्त्यात घुसतं का?"

लगेच उत्तर उमटलं. "आमच्या कुपवाडच्या रस्त्यात घुसतं सर."

सरांना हसू आवरेना. मला टाइप करता येईना. सांगलीच्या मुली काय झालं, काय झालं म्हणून विचारत होत्या आणि इकडे आम्ही दोघं डोळे पुसत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, सरांना तोंड दिसायला लागलं.

ऑक्टोबरात सहामाही झाली. पेपर तपासायला अध्यक्षांनी सांगलीतले एक निवृत्त हेडमास्तर नेमले, कडक म्हणून नावाजलेले. चार दिवसांनी बाईंचा फोन आला, पण आवाज नेहमीचा नव्हता. शेजारी उभं राहूनही ऐकू आला नाही. सरांनीच मला सांगितलं.

"हेडमास्तरांनी निकाल लावला नाही. म्हणतात, कॉपी आहे. सगळ्या वर्गानं मिळून. सगळ्यांची वर्तुळं एकाच मापाची, आणि सगळ्यांच्या उत्तरात जागोजाग एकच शब्द, नाहीतर. अध्यक्षांना ते पटलंय. उद्या वर्ग बंद करायचं ठरणार आहे."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही सांगलीला निघालो. कराडच्या पुढे सर एकदाच म्हणाले, "मला त्यांना बघायचं नव्हतं रे. न बघता इतकं जमलं होतं."

शाळेत हेडमास्तर, अध्यक्ष आणि बाई बसले होते. दहावीच्या मुली बाकांवर, माना खाली. सर आत आले तेव्हा मागच्या बाकावरून कुजबुज ऐकू आली, "हेच? आमाला वाटलं लय उंच असतील." "गप गं!"

हेडमास्तर अदबीनं उठले. सरांच्याच वयाचे होते. "सर, तुमच्या कष्टांबद्दल मला शंका नाही. पण मी आयुष्यभर पेपर तपासले. हे बघा." त्यांनी तीन-चार पेपर एकावर एक धरून उजेडात केले. वर्तुळावर वर्तुळ तंतोतंत बसलं होतं. "एकीनं काढलं, बाकीच्यांनी गिरवलं."

सर मुलींकडे वळले. "हात पुढे करा."

मुलींनी हात पुढे केले. काचेच्या, प्लॅस्टिकच्या, कुणाच्या लाल, कुणाच्या हिरव्या बांगड्या. सरांनी पुढच्या बाकावरच्या मुलीकडून एक मागून घेतली आणि हेडमास्तरांच्या हातातल्या आकृतीवर ठेवली. बसली.

"या पोरींच्या मनगटांची मापं बघा. एकाच वयाच्या आहेत, एकाच कासाराकडे जातात. कंपास असताना बांगडी वापरली हा दोष माझा. सवय लावली मी."

अध्यक्ष पुढे झुकले. "आणि त्ये नाहीतर?"

"तेही माझं. पण नुसतं माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका." सर हेडमास्तरांसमोरच्या खुर्चीत बसले. "हेडमास्तर, तुम्ही मला सांगा. पोरानं कॉपी केली हे तुम्हाला कशावरून कळतं? बरोबर उत्तरावरून की चुकीवरून?"

हेडमास्तर जरा थांबले. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "चुकीवरून. चूकही जशीच्या तशी उतरते."

"भूमितीत बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच येणार. चुका बघा. आणि त्या बघताना नावं झाका. मी या मुलींना आज पहिल्यांदा बघतोय. पण चुकांवरून पेपर कुणाचा ते मी सांगतो. एक जरी सारखी चूक दोघींकडे सापडली, तर वर्ग बंद करा."

बाईंनी पदर तोंडाशी धरला. हेडमास्तरांनी नावांवर कागद ठेवून पहिला पेपर सरांपुढे सरकवला.

सरांनी वाचला. "हिनं निष्कर्ष आधी लिहिलाय आणि कारणं मागून गोळा केलीयेत. हिला कायम घाई. विद्या."

हेडमास्तरांनी कागद उचलला. विद्या. एक मुलगी बाकावरून "अगं बाई!" म्हणाली, ती विद्याच असणार.

"काटकोन असो नसो, सगळ्यात लांब बाजू दिसली की हिला ती कर्णच वाटते. सुरेखा." बरोबर.

"त्रिज्येच्या जागी व्यास. पण दोनदाच, तिसऱ्यांदा स्वतःच खोडलंय. शाब्बास! ही कविता." बरोबर.

एकेक पेपर सरकत होता. सर भुवई वाचावी तसा तो वाचत होते आणि नाव सांगत होते. मध्ये मध्ये त्या नावाच्या मुलीशी बोलतही होते, मान वर न करता. "अर्चना, ही चूक मागच्या महिन्यात गेली होती ना? परत कुठून आणलीस?" "सर, घाबरले हुते." अध्यक्षांनी खुर्ची पुढे ओढून घेतली होती. नाव जुळलं की ते आता हेडमास्तरांच्या आधी मान हलवत होते, जणू त्यांच्या गुळाला भाव मिळतोय. हेडमास्तरांनी तर मध्येच चष्मा पुसून एक पेपर सरांपुढून काढून घेतला आणि स्वतःच म्हणाले, "थांबा, हा मी सांगू?" एक नाव घेतलं आणि चुकले. सगळा वर्ग हसला. तेही हसले.

शेवटचा पेपर राहिला. सरांनी तो वाचला. पान उलटलं. परत पहिल्या पानावर आले. किल्ली हरवलेला माणूस खिसे चाचपतो तसे ते त्या पेपरात शोधत होते.

"हा मला ओळखता येत नाही," सर म्हणाले.

हेडमास्तरांनी मान वर केली. "म्हणजे?"

"यात चूकच नाही हो."

खिडकीजवळची एक बारकी मुलगी उठून उभी राहिली. "माझा हाय, सर."

"नाव?"

"शमा."

"शक्य नाही," सर एकदम म्हणाले. "शमा स्पर्शिका आत घुसवते."

"घुसवत हुती की! तुमीच तर महिनाभर भायेर काढायला लावली."

सर तिच्याकडे बघत राहिले. एवढी तोंडं वाचलेला माणूस, पण त्या तोंडावर काय लिहिलंय ते त्यांना पटकन वाचता येईना. मग त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते पेपर हातात धरूनच उठले, तिच्या बाकापर्यंत गेले आणि तो तिला दोन्ही हातांनी दिला, पदवी द्यावी तसा.

अध्यक्षांनी मान डोलावली, हेडमास्तरांनी पेन उघडलं. "बाई, बोर्डाचे फॉर्म आणा. सगळ्यांचे."

बाईंना उठावं लागलं नाही. फॉर्म त्यांच्या पर्समध्येच होते, सगळे भरलेले, नुसत्या सह्या राहिलेल्या.